वैर स्वभावातले नव्हे, ड्यूटी-पत्रकातले

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने फोनवर सांगितले की त्याच्या ओळखीतील एका तरुण परिचारिकेने वॉर्डातील वरिष्ठ सिस्टरच्या बोलण्याला कंटाळून नोकरी सोडली, आणि पुढे जोडले, "शेवटी बाईच बाईची वैरी." आपल्याकडे परिचारिकांमधील कुरबुरींचे खापर असे त्यांच्या स्वभावावर फुटते. महाराष्ट्रात सहा वर्षे आणि इंग्लंडमध्ये अकरा वर्षे वॉर्डात काम केल्यानंतर मला हे निदान चुकीचे वाटते, आणि अन्यायाचेही.

माझ्या पहिल्या नोकरीत रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे आम्ही दोघी असायचो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, पहिली दहा मिनिटे चादरी आणि थर्मामीटर मोजण्यात जात, कारण हरवलेल्या वस्तूची भरपाई आम्हाला खिशातून करावी लागे. मोजणी कमी भरली, की रुग्णांविषयी एक शब्द बोलण्याआधीच दोन पाळ्यांमध्ये संशय उभा राही. ज्या सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात मला सर्वांदेखत झापले, त्या तेव्हा सलग दुसरी पाळी करत होत्या, हे मला फार उशिरा कळले.

त्यात कंत्राटाची भर. तीच इंजेक्शने देणाऱ्या दोघींपैकी एकीला वेतनश्रेणी आणि दुसरीला काही महिन्यांची ऑर्डर असेल, तर त्यांच्यात मोकळेपणा कसा यावा? मे २०२२ मध्ये बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा माझ्या कानावर रुग्णांच्या हालांचीच चर्चा अधिक आली. ते हाल खरेच होते. परंतु वर्षभरात जाणार हे ठाऊक असलेल्या मुलीला जीव ओतून शिकवण्याची उमेद वरिष्ठांमध्ये कुठून येणार, हा प्रश्नही रुग्णांच्याच हिताचा होता.

इकडे इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. येथे मेट्रनला नावाने हाक मारतात, पण केरळ आणि फिलिपिन्समधून आलेल्या, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या सहकारी वर्षानुवर्षे बँड ५ वरच, म्हणजे नव्या परिचारिकेच्या वेतनश्रेणीवरच, राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मनुष्यबळाची टंचाई इथेही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेच्या सदस्यांनी संप केला, त्यात पगाराबरोबर तीही तक्रार होती. मात्र माझ्या वॉर्डात दोन पाळ्या अर्धा तास एकमेकींवर येतात आणि त्या वेळेचा पगार मिळतो. नव्या परिचारिकेला शिकवणारी व्यक्ती नेमून दिलेली असते आणि तिच्यासाठीचे तास ड्यूटी-पत्रकात लिहिलेले असतात. त्यामुळे शिकवणे हे कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून राहत नाही.

चांगुलपणा आपल्याकडे कमी नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, त्यांचे अंग पुसले, त्यांना कुशीवर वळवले. त्यांतील कितीतरी जणींनी त्यांना कधी चालता-बोलता पाहिलेही नव्हते. या बायकांच्या व्यवसायभगिनींना एकमेकींच्या वैरिणी म्हटलेले मला सहन होत नाही, आणि मी भावाला तसे स्पष्ट सांगितले.

पदे कायमस्वरूपी भरायला पैसा आणि वेळ लागेल, हे मला मान्य आहे. पाळ्यांमधला अर्धा तास त्या मानाने स्वस्त आहे. आणि हरवलेल्या थर्मामीटरचे पैसे जिथे आजही परिचारिकेकडून घेतले जात असतील, तिथे ते बंद करायला अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, सहीचा एक कागद पुरेल.