साहेब, समन्वय सुरू आहे

अभिनंदन! शहराचा आपत्ती नियंत्रण कक्ष या पावसाळ्यात तुमच्या हाती आलाय. घाबरू नका. जबाबदारी आली म्हणजे ती तुमच्याचकडे राहते, असं थोडंच आहे?

मुंबई घ्या. पालिकेची विभाग कार्यालयं, शिवाय मध्य आणि पश्चिम रेल्वे, पोलीस, अग्निशमन दल, बेस्ट, एमएमआरडीए, म्हाडा, बंदर, विमानतळ. रुळांखालून जाणारा एखादा नाला अलीकडे पालिकेचा, मधे रेल्वेचा, पलीकडे पुन्हा पालिकेचा. पाण्याला हे ठाऊक नसतं, तुम्हाला मात्र पाठ हवं. तक्रार आली की आधी ‘किती पाणी?’ विचारू नका. ‘हद्द कुणाची?’ विचारा. उत्तर मिळेपर्यंत बऱ्याचदा ओहोटी लागते.

तयारीची सुरुवात फोनच्या यादीपासून करा. मान्सूनपूर्व बैठक एप्रिलमध्ये घ्या, यादी छापा, लॅमिनेट करून भिंतीवर लावा. सरकारी बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात यादीतले साहेब नांदेडला रुजू झालेले असतात. फोन उचलतात, चौकशी करतात, नव्या साहेबांचा नंबर शोधून देतो म्हणतात. नंबर माणसाचा न ठेवता खुर्चीचा ठेवला तर ही अडचण येत नाही, पण मग आपुलकीही राहत नाही.

पावसाचा आकडा नीट निवडा. वेधशाळेच्या वर्गवारीतली सर्वांत वरची पायरी म्हणजे 24 तासांत 204.4 मिमीच्या वर. गटारांचा हिशोब मात्र तासाचा. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिमी पावसाची, तीही ओहोटी धरून. पावसाळी गटारं सुधारण्यासाठीच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला 50 सुचवले होते. तेव्हा ‘दिवसभरात 120 मिमी’ एवढंच सांगा, ते दोन तासांत पडले हे सांगू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, कुलाब्याला 73. आढावा नेहमी कुलाब्याच्या आकड्यावर घ्यावा. कुलाब्याजवळच्या फोर्टातल्या पालिका मुख्यालयाच्या खिडकीतून तोच दिसतो.

शाळांना सुट्टी द्यायचीच असेल तर सकाळचं सत्र भरल्यावर द्या. ऑफिसं दुपारी एकदम सोडा, म्हणजे सगळे एकाच वेळी स्टेशनात पोहोचतील.

आता पंप. इथे खरं कसब आहे. दादर-परळच्या हिंदमातासारख्या सखल बशीत डिझेल पंप लावून फोटो काढला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पंपच उरकतो. पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या टोकाला जाळी असते. तिच्यावर दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या बसल्या की पंप खडखडतो आणि पलीकडे बोटभर धार येते. जाळी काढून साफ करायला एक माणूस पाण्यात उभा हवा, पण निविदेत माणूस नसतो, पंप असतो. खालचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी खाली उतरू न देणारी झडप, गळका असेल तर बंद पडलेला पंप परत पाणी धरत नाही, वरून भरावं लागतं. रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि ऑपरेटर बादली शोधतोय, हे दृश्य बघण्यासारखं असतं. आणि पंपाचं पाणी सोडायचं कुठे? वीस पावलांवरच्या त्याच गटारात. साडेचार मीटरच्या भरतीत गटाराचं समुद्राकडचं तोंड पाण्याखाली, म्हणून ते वळसा घालून पुन्हा तुमच्याकडे येतं. मीटरवर मात्र पंपाचे तास नोंदले जातात, आणि बिल तासांवर निघतं.

संदेश मोघम ठेवा. ‘कुर्ला, क्रांतीनगर, चाळीस माणसं, दोन होड्या, सहाच्या आत, कळवणारे अमुक’ असा निरोप अत्यंत धोकादायक, कारण त्याचं काय झालं हे सातला कुणीही विचारू शकतं. ‘परिस्थितीवर लक्ष ठेवून आवश्यक कार्यवाही व्हावी’ हा निरोप अकरा ठिकाणी पाठवा. प्रत्येक ठिकाणाहून ‘पोच’ येईल. पोच म्हणजे कार्यवाही नव्हे, हे रजिस्टरला कळत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये एक पद्धत घालून दिली आहे: घटनास्थळी एकच प्रमुख, त्याच्या हाताखाली कामकाज, नियोजन आणि रसद असे तीन विभाग, आणि एका माणसाकडे साधारण पाचच जणांची जबाबदारी. तक्ता सुंदर आहे, फ्रेम करा. प्रत्यक्षात चार खात्यांचे चार प्रमुख चार छत्र्या घेऊन उभे राहू द्या. मंत्रीमहोदय आले की पाचवी.

मॅनहोलची झाकणं? लोकच उघडतात, पाणी जावं म्हणून. खाली लोखंडी जाळी आणि जवळ लाल झेंड्याची काठी हवी. जाळी गेल्या वर्षीच्या ठरावात आहे, काठी गोदामात आहे, गोदामाची किल्ली सुट्टीवर.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहा. सुरुवात ‘सर्व यंत्रणांनी समन्वयाने’ अशी करा. पहिला फोन कधी आला, पंप कधी पोहोचला, होडी कधी सुटली या वेळा वगळा. वेळ एकच लिहा, पाण्याचा निचरा झाल्याची. ती भरती-ओहोटीच्या तक्त्यात आयती छापलेली असते.