तुरटीनं कोरडेपणा जातोय म्हणे!

आमच्या भिशीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. "योनीचा कोरडेपणा म्हणजे अंगातली उष्णता, तिखट बंद करा, तुरटीच्या पाण्यानं आतून धुवा, हार्मोनची क्रीम लावली तर कॅन्सर, आणि थोडं रक्त गेलं तर घाबरू नका." खाली चौघींनी हात पण जोडलेत, म्हणून लिहितेय.

तांबडा रस्सा बिचारा यात कुठंच नाही. पाळी जायला आली की इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन, घटतं, त्यानं तिथलं आतलं अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा आणि ओलावा कमी होतो, हे मेन कारण. पण पन्नाशीचीच बाई पाहिजे असं काही नाही, बाळ अंगावर पीत असलं, अंडाशय काढले असले, ब्रेस्ट कॅन्सरच्या काही गोळ्या चालू असल्या, अगदी सर्दीच्या सिट्रिझिननं पण कुणाकुणाला होतंय. माझ्या धाकट्या जावेला बाळंतपणानंतर हेच झालं आणि घरच्यांनी पाच महिने तिचं तिखट तोडलं, कोल्हापुरात राहून वरणभात!

आता तुरटी. दाढी करताना कापलं की तुरटीचा खडा का फिरवतात? कातडी आवळून रक्त थांबावं म्हणून. जिभेला लावून बघा, कशी खरखरीत होतेय ते, आणि तीच आधीच कोरड्या पडलेल्या जागी लावायची? योनीत मुळात आंबटपणा असतोय, पीएच ३.८ ते ४.५, त्यावर चांगले जंतू जगतात. पाळी गेल्यावर हा आकडा ५ च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, म्हणून तर लघवीला जळजळ, सारखं इन्फेक्शन. त्यात साबण, सुगंधी वॉश नकोच. बाहेरून साधं पाणी बास.

क्रीमचं म्हणाल तर ही भीती २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातनं आली, पण तो पोटात घ्यायच्या गोळ्यांवर होता. योनीत लावायच्या क्रीमचा डोस अगदी कमी, बहुतेक वेळा दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, रक्तात फार थोडं जातं. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची, आणि ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. हार्मोन नकोच असेल तर मेडिकलमध्ये वॉटर-बेस्ड जेली मिळते, संबंधाच्या वेळी लावायची. मॉइश्चरायझर वेगळं, ते दोन-तीन दिवसांनी. खोबरेल तेल लावणाऱ्यांनी एवढं बघा की तेलानं कंडोम फाटतोय.

आणि ते "घाबरू नका" वाचून तर डोकंच फिरलं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जायचं, गर्भपिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण तीच असू शकते.