मोडक्या हाडांचे कौतुक

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद वरचेवर पेटतो. मोडक्या जबड्याने गोलंदाजी करणारा कुंबळे कुठे आणि इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळणारा बुमराह कुठे, असे काका लिहितात आणि खाली टाळ्यांची रांग लागते. एरवी मी अशा वादांत पडत नाही. पण या वेळी निमित्त माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर घडले होते.

२३ जुलै २०२५ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर इंग्लंडचा गोलंदाज व्होक्स याला रिव्हर्स स्वीप मारताना चेंडू ऋषभ पंतच्या पायावर आदळला आणि हाड मोडले. दुसऱ्या दिवशी तो लंगडत पुन्हा उतरला आणि ३७ वरून ५४ पर्यंत पोहोचला. ‘याला म्हणतात खेळाडू,’ हे काकांचे वाक्य तेव्हापासूनचे.

मला काकांना एवढेच सांगावेसे वाटते की जबड्याने कोणी गोलंदाजी करत नाही, पाठीने करतात. २००२ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या अँटिगात कुंबळेने तोंडाला पट्टी बांधून १४ षटके टाकली, लाराला पायचीत केले आणि मग शस्त्रक्रियेसाठी तो मायदेशी परतला. ते धैर्य मी नाकारत नाही. पण बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आहे, आणि ऑस्ट्रेलियात ३२ बळी घेतल्यावर जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत त्याच पाठीने त्याला दुसऱ्या डावात एकही चेंडू टाकू दिला नाही. अशा माणसाने तीनच सामने खेळण्याला नाजूकपणा म्हणणे हे सोफ्यावरचे शौर्य आहे.

इकडे इंग्लंडमध्ये निदान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न निकालात निघाला आहे, असे मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिले होते. २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनला तो विजय आता आठवत नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. त्यामुळे शनिवारच्या रग्बीत डोक्याला मार लागलेले मूल बाहेर बसते आणि त्यावर चर्चा होत नाही. (त्याच देशात, पंतनंतर दीडेक आठवड्याने, व्होक्स निखळलेला खांदा स्वेटरखाली बांधून ओव्हलवर आला, तेव्हा सारे मैदान उभे राहिले आणि ऑफिसातले माझे सहकारी दोन दिवस दुसरे काही बोलत नव्हते. हे मात्र मी ग्रुपवर लिहिले नाही.)

आणखीही एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्याच मुलाला तसा मार लागला आणि पुढे अंतिम सामना होता. मुलगा हसतोय, जेवतोय, शेवटची दहा मिनिटे तरी खेळवता येईल का, अशी मेल मी रात्री कोचला पाठवली. सकाळी एका शब्दात नकार आला. मुलगा कोट घालून बाकावर बसला, आणि त्या मेलबद्दल त्याला आजही ठाऊक नाही.

पंत पायऱ्या उतरत होता तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. टाळ्या शेजारचे इंग्रज प्रेक्षकही वाजवत होते, पण कठड्याला धरून येणारी त्याची एकेक पायरी पाहताना डोळे माझे भरून आले, आणि ‘चल रे, चल’ असे मी मराठीत ओरडत होतो. फोन खिशात थरथरत होता. न पाहताही मला माहीत होते की तिकडे काकाही उभे असणार.