लाझारसमधली तलवार विसरले, ती रांग नाही विसरले

लाझारस कुणी वाचलंय का इथे? ग्रेग रुकाने लिहिलेलं आणि मायकल लार्कने काढलेलं कॉमिक, 2013 ला सुरू झालं. गेल्या आठवड्यात पहिले दोन भाग परत वाचले आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

गोष्टीत देश, सरकारं, निवडणुका सगळं संपलंय आणि जग सोळा घराण्यांनी आपापसात वाटून घेतलंय. घराण्याच्या उपयोगाची माणसं म्हणजे सर्फ. त्यांना खायला मिळतं, औषधपाणी मिळतं. आणि उरलेली, म्हणजे जवळजवळ सगळीच माणसं, त्यांना म्हणायचं वेस्ट, म्हणजे कचरा. रागाने दिलेली शिवी नाहीये ही, रोजच्या बोलण्यातला साधा शब्द आहे, आणि मला तेच जास्त लागलं.

अमेरिकेच्या पश्चिमेवर कार्लाईल घराण्याची सत्ता. त्यांची ताकद कशात, तर बियाणं आणि जेनेटिक्समध्ये. त्यांची फॉरएव्हर ही लाझारस, म्हणजे गोळ्या घातल्या तरी परत उठणारी घराण्याची तलवार. लोक तिच्या फाइट्सचं कौतुक करतात, आणि लार्क त्या काढतोही जबरदस्त, पानंच्या पानं एक शब्द नाही. पण पहिल्याच भागात एक म्हातारा सर्फ बाकीच्यांचा जीव वाचावा म्हणून न केलेला गुन्हा कबूल करतो आणि तो खोटं बोलतोय हे कळत असूनही फॉरएव्हर त्याला गोळी घालते. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं होतं खरंच.

आणि मग दुसरा भाग, लिफ्ट. मोंटानातलं बॅरेट कुटुंब, पुरात घरदार शेत सगळं गेलंय, आणि ही माणसं डेन्व्हरला निघतात कारण तिथे कार्लाईल वेस्टमधनं माणसं निवडणार आहेत. वाटेत काय होतं ते सांगत नाही. पण डेन्व्हरची ती गर्दी बघून मला माझा चुलतभाऊ आठवला, चार वर्षं पोलीस भरतीला पळत होता, पहाटे ग्राऊंडच्या गेटबाहेर चादर टाकून झोपलेली ती पोरं मी बघितलीत. फरक एवढाच की भरतीत किती सेकंदात पळायचं ते तरी माहीत असतं आणि पुढच्या वर्षी परत जाता येतं. इथे आपल्यात नेमकं काय बघतायत हेच कळत नाही, आणि नाही निवडलं तर परत जायला शेतच नाही!

फॉरएव्हरचं दुःख मोठं आहेच, ज्यांच्यासाठी ती मरते ते आपलं कुटुंब तरी आहे का, असा प्रश्न तिच्यासमोर येतो. तरी माझ्यासाठी ही गोष्ट बॅरेटांची आहे. पहिल्या भागावर थांबलेले बरेच असतील, प्लीज दुसरा वाचा, आणि निवड होते ती पानं घाई न करता बघा, एकेका माणसाचा चेहरा बघा.