मेळाव्याची वेबसाइट कशी बनवावी, म्हणजे ती कुणालाच बदलता येणार नाही

अभिनंदन! वार्षिक मेळाव्याच्या वेबसाइटचं काम यंदा तुमच्या गळ्यात पडलं आहे. येणाऱ्यांना एवढंच हवं असतं की कार्यक्रम कधी, कुठे आणि नाव कुठे नोंदवायचं. पण तुम्हाला रिअ‍ॅक्ट हे वेबसाइट बांधायचं भारी साधन शिकायचं आहे. फुकट काम करताय, तर निदान बायोडेटात लिहायला तरी काही नको का? तेव्हा पुढच्या सूचना नीट वाचा.

साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची मूळ भाषा, अजिबात वापरू नका. जगातली पहिली वेबसाइट सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. तिची १९९२ सालची प्रत आजच्या फोनवरही निमूट उघडते. इतकं टिकाऊ काही करून ठेवलंत तर पुढच्या वर्षीच्या उत्साही स्वयंसेवकाने मोडायचं काय?

सहा पानांच्या साइटला कुबरनेटिस हवंच. गूगलने ते २०१४ मध्ये खुलं केलं ते अनेक यंत्रांवर पसरलेले कंटेनर, म्हणजे प्रोग्रामची बंद खोकी, सांभाळायला, पण आपला मेळावा काय कमी आहे?

कोड न लिहिता साइट चालवता येणाऱ्या वर्डप्रेसचं नाव काढणाऱ्याकडे कीव आल्यासारखं बघा. घ्यावंच लागलं तर दिसेल ते प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, टाका आणि अपडेट कुणी करायचे हा विषय बैठकीत निघू देऊ नका.

पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, भरपूर घ्या. २०१६ मध्ये एकाने लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं आणि मोठमोठ्या प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोड जोडून प्रोग्राम तयार करायची कामं, आडवे झाले. या यादीत आपलंही नाव लागायला हवं.

आता वेळापत्रक. ते कुणाचाही हात पोचेल अशा जागी ठेवायचं नसतं. कोडच्या पोटात जेसन नावाच्या एका डेटा फाइलमध्ये पुरा. यंदा आमच्याकडे आदल्या संध्याकाळी सभागृह बदललं. बदलतंच, ज्यांनी कधी कार्यक्रम केलाय त्यांना सांगायला नको. करायचं काय होतं? ‘तळमजला’ खोडून ‘दुसरा मजला’ लिहायचं आणि दहाचे साडेदहा करायचे. एवढ्यासाठी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार, क्लोन करा, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची नेमकी तीच जुनी आवृत्ती शोधा, एनपीएम इन्स्टॉल मारा, लाल अक्षरांचा पूर वाचा, पुल रिक्वेस्ट टाका आणि ती मंजूर करणाऱ्या एकमेव महापुरुषाला फोन लावा. महापुरुषाला नवीन नोकरी लागलेली. फोन उचलत नाही. डिप्लॉयचा, म्हणजे बदल साइटवर चढवायचा, अधिकार त्याच्या वैयक्तिक खात्यावर, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. साइट मात्र दिमाखात चालू, डार्क मोडसकट, चुकीची वेळ दाखवत! सकाळी माणसं कुलूपबंद दारासमोर उभी. गुडघे धरून चढणारी वयस्कर मंडळी जिन्यात खालीवर करतायत, जो तो मला विचारतोय, आणि हा नंतर मला सांगतो की साइट तपासणाऱ्या लाइटहाउसचा स्कोअर शंभर आहे. शंभर! अरे, चाटायचाय का तो स्कोअर? वेळ बदलायची होती रे. दोन शब्द!

असो. सूचना चालू ठेवू.

वेळापत्रकाचं पोस्टर करून तेच चित्र चिकटवणं हाही चांगला मार्ग. फोनवर वाचता येत नाही, अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही दिसत नाही, पण रंगांचा ग्रेडियंट सुंदर येतो.

नोंदणीला लॉगिन ठेवा. आयुष्यात एकदाच येणाऱ्या पाहुण्याने पासवर्डात मोठं अक्षर, अंक आणि चिन्ह घातलंच पाहिजे.

डोमेन स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि कार्डाची मुदत संपली की गप्प बसा. डॉट कॉम असेल तर मुदतीनंतर सोडवून घ्यायला मिळणारे ३० दिवसही जातील, मग तोच पत्ता कुणीही उचलेल आणि आपल्या जुन्या पत्रिकांवरून लोक थेट जुगाराच्या साइटवर पोचतील.

बास झाला उपरोध. सरळ बोलते. तुम्हाला नवं काही शिकायचं असेल तर स्वतःच्या नावाची साइट काढा आणि तिथे हवी तेवढी फ्रेमवर्क्स जाळा. लोकांचा कार्यक्रम म्हणजे तुमची प्रयोगवही नाही. साधं स्टॅटिक पान चालतं. तयार साइट-बिल्डर चालतो. नोंदणीला तयार फॉर्म चालतो, आणि हे वापरल्याने कुणाची अक्कल कमी ठरत नाही. निवडण्याआधी कोड न येणाऱ्या एका स्वयंसेवकाच्या हातात फोन द्या, मजला बदलायला सांगा आणि गप्प उभे राहून बघा. त्याला जमलं नाही तर ते तंत्रज्ञान बाद, मग ते कितीही नवं असो. खाती संस्थेच्या ईमेलवर काढा, किल्ल्या दोघांकडे ठेवा, आणि काम सोडताना एका कागदावर सगळं लिहून द्या. यात कसली बुद्धी लागते? फक्त आपण गेल्यावरही कार्यक्रम होणार आहे हे मान्य करावं लागतं, आणि नेमकं तेच तुम्हाला जड जातं.

आणि ज्याच्याकडे आमच्या साइटचा पासवर्ड आहे त्याने तो आज रात्रीच्या आत ग्रुपच्या अ‍ॅडमिनला द्यावा. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आम्हाला.