तो मुंगूस नाही, आणि त्यालाही ऊन लागतं!

आज पुन्हा बारा वाजता लाईन गेली. मे महिना, बाहेर ४५ अंश. वीज ऑफिसात फोन केला तर पलीकडून हसणं! "मुंगसाले कायले कूलर पायजे जी?"

अरे, मुंगूस नाही तो! शंभरदा सांगून झालं. मुंगूस जंगली जनावर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरात ठेवताच येत नाही. हा माझा गोंडू, फेरेट आहे, मुंगसासारखा दिसणारा लांबुडका पाळीव प्राणी. युरोपात दोन हजार वर्षांपासून माणसांनी पाळलेला, थंड मुलखातला. कुत्र्या-मांजरासारखाच घरातला जीव. त्याला अंगभर घाम सुटत नाही, म्हणून पारा ३० च्या वर गेला की जिवावर बेततं. आणि आमच्याकडे मे महिन्यात तीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा!

काल दुपारी गोंडू न्हाणीच्या फरशीवर पोट टेकून, चारी पाय पसरून पडलेला दिसला. तोंड उघडं, जीभ बाहेर, हिरड्या लालबुंद. हाक मारली तर मान उचलेना. फ्रिजही बंद, बर्फ कुठला? माठातल्या पाण्यात दुपट्टा भिजवून त्याच्या तळपायांना, जांघेत लावत बसलो. एकदम थंडगार पाणी ओतायचं नसतं, हळूहळू उतरवावं लागतं. पाऊण तासानं त्यानं माझं बोट चाटलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ज्यानं विकला त्या शहरातल्या दुकानदाराचा तर संताप येतो. "कुठंही राहतो, काहीही खातो," म्हणाला होता. साफ खोटं! त्याला मांसच लागतं, तीन-चार तासांत पोट रिकामं होतं. इथं येणारा-जाणारा दूध-पोळी पुढं करतो आणि नको म्हटलं की रागावतो. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानं फेरेट बहुतेक वाचतच नाही, आणि गल्लीत मोकाट कुत्री ढिगानं. लस विचारायला जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर, "बैल-बकऱ्या पाहू का हे पाहू?"

बैलाला ऊन लागलं तर अख्खं गाव धावतं, धावायलाच पाहिजे. मग याचा जीव काय जीव नाही? भर दुपारी चार-चार तास लाईन घालवता, वर हसता? घरातली म्हातारी माणसंही त्याच खोलीत तडफडतात, त्यांच्यासाठी तरी लाज वाटू द्या!

दोन वाजलेत. लाईन नाही. दुपट्टा पुन्हा सुकलाय आणि माठात तांब्याभर पाणी उरलंय.