पेरणीपर्यंत थांबणारे पंच

पैशाअभावी नऊ मोहिमांतले सुमारे पाव शांतिसैनिक परत पाठवणार, असं यूएननं २०२५ च्या ऑक्टोबरात सांगितलं. ती बातमी पानठेल्यावर निघाली तेव्हा एक जण म्हणाला, "बरं झालं. आपली पोरं काहून मरतीन तिकडं? अठी कापसाले भाव नाई." कापसाचं दुःख मलाही आहे, म्हणून तेव्हा बोललो नाही. आता लिहितो.

माझा चुलतभाऊ २०१९ मध्ये शांतिसैनिक म्हणून आफ्रिकेतल्या दक्षिण सुदानात, मलाकालला होता. दादा सांगतो, "आपल्या वावरासारखीच काळी माती हाय. पाऊस पडला का बूट चिखलातच राह्यते." तिथं आपल्या तुकडीचा गुरांचा दवाखाना होता. लोकांचं सगळं धन म्हणजे गायी. सोयरीकही गायींवर ठरते आणि खूनही गायींवरूनच पडतात. लंगडणारा बैल घेऊन आलेला एक म्हातारा रात्री घरी गेलाच नाही, बैलाच्या पोटाला पाठ लावून तिथंच झोपला. दादाला त्याचं नाव कळलं नाही. पोळ्याला बैलांचे खांदे शेकताना तो दरवर्षी त्या म्हाताऱ्याची गोष्ट काढतो.

हा देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या भांडणात पेटला. जीव घेऊन पळालेल्या हजारो लोकांसाठी यूएननं आपल्या छावण्यांची फाटकं उघडली. त्याच महिन्यात यूएनच्या अकोबोच्या तळावर हल्ला झाला आणि आपले दोन जवान गेले. पानठेल्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडतं. ते फाटक उघडलं नसतं तर आतल्या माणसांचं काय झालं असतं?

शांतिसैनिक कमी पडले नाहीत, असं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या छावणीतच माणसं मारली गेली, झोपड्या जळाल्या. निळ्या हेल्मेटवाल्यांनी वेळेवर पाऊल उचललं नाही, हे यूएनच्याच चौकशीत निघालं. पण म्हणून उठून जायचं?

आमच्या धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण आठवतं. पंच बसले, सह्या झाल्या, दगड रोवला, सगळे चहा पिऊन घरी गेले. पुढच्या नांगरणीला दगड हातभर सरकलेला, आणि पुन्हा काठ्या निघाल्या. दुसऱ्यांदा समेट झाला तेव्हा गावातले दोन म्हातारे नांगरणीला आणि पेरणीला स्वतः धुऱ्यावर येऊन उभे राहिले. एक नाही, सलग दोन वर्षं. तेव्हापासून दगड जागचा हलला नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात हेच झालं. २००३ मध्ये यादवी थांबवायचा करार झाला, यूएननं १५ हजारांपर्यंत फौज मंजूर केली. डिसेंबरात शस्त्रं जमा करायला सुरुवात केली तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये आले, शस्त्राच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशावरून दंगल झाली, काम थांबवावं लागलं. तरी यूएन गेली नाही. एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि एक लाखाहून जास्त लोकांची नि:शस्त्र म्हणून नोंद झाली. २००५ ला निवडणूक झाली, एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. आपल्या सीआरपीएफच्या बायांची तुकडी २००७ पासून २०१६ पर्यंत तिथल्या राजधानीच्या, मोनरोव्हियाच्या रस्त्यांवर गस्त घालत होती. शांतिसेना गेली ती थेट मार्च २०१८ मध्ये. जवळजवळ पंधरा वर्षं! आणि २०२३ मध्ये जॉर्ज वेआ खुर्चीवर असताना हरले, तर त्यांनी जिंकणाऱ्याला स्वतः फोन करून अभिनंदन केलं. बंदूक निघाली नाही.

दक्षिण सुदानात कीर आणि माचार यांच्यातल्या २०१८ च्या करारानं एक सैन्य, नवी राज्यघटना आणि निवडणूक कबूल केली होती. निवडणूक ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर आणली. मार्च २०२५ मध्ये माचार यांना नजरकैदेत टाकलं. म्हणजे दगड सरकायला लागलाय, आणि नेमके त्याच वेळी धुऱ्यावरचे म्हातारे घरी निघालेत. कारण काय, तर पैसा नाही. जग लष्करावर जेवढं उधळतं, त्याच्या अर्धा टक्काही शांतिसेनेला लागत नाही.

आपण माणसं देणाऱ्या मोठ्या देशांपैकी आहोत. ज्या श्रीमंत देशांनी वर्गणी थकवलीय त्यांना आपल्या सरकारनं तोंडावर विचारावं, आणि आपल्या खासदारांनी हा विषय संसदेत काढावा. मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलंय. दादानं खाली सही केली आणि सहीखाली एक ओळ वाढवली: मलाकालचा गुरांचा दवाखाना बंद करू नका.